फणसाखालचं ‘म्हजेंय शंबरूच’

ताई,
बारावी सायन्सची परीक्षा संपून महिना होत आला. आता नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी चालू आहे, पण बायोलॉजीचा पेपर डोक्यातून जात नाही. पेपर सुटल्यावर आम्ही सातजण फाटकाबाहेरच्या फणसाखाली उत्तरं जुळवत थांबलो. आमच्यातला एक मुलगा म्हणजे चालतीबोलती आन्सर की, तो बोलेल ते बरोबर. शहाळ्याच्या पाण्याचा प्रश्न माझा चुकला हे तिथेच कळलं. गव्हाचे शंभर दाणे व्हायला किती मायोसिस (एका पेशीच्या चार करणारी विभाजनं) लागतात, याचं मी १००+२५ असं कच्चं काम करून १२५ लिहिलं होतं, पण सगळे शंभर म्हणत होते म्हणून मीही ‘म्हजेंय शंबरूच’ (माझंही शंभरच) म्हटलं. माझ्या एका मैत्रिणीने १२५ लिहिलं होतं, ती रडतच केरीच्या बसमध्ये चढली. पुढच्या पेपरांना ती आमच्यात थांबली नाही. मला त्या मुलाचा भयंकर राग येतो. माझा आत्मविश्वासच गेलाय. उत्तरं जुळवायची ही सवय कशी सोडू?
– गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एक

मुली,

सवयीचं मग बघू. केरीच्या बसमध्ये चढलेल्या त्या मुलीसाठी तू एक ओळ खर्च केलीस आणि लगेच त्या मुलाच्या रागावर आलीस. मी मात्र त्या बसपाशीच अडकले आहे.

तिने आपला आकडा तुझ्याआधी सांगितला की नंतर, हे तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज आहे, आधी. ती १२५ म्हणाली, बाकीचे हसले किंवा गप्प झाले, आणि मग सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या उत्तरपत्रिकेत तोच आकडा होता. कच्चं कामसुद्धा तुला आठवतंय. तू एवढंच म्हणाली असतीस, ‘माझंही १२५’, तर ती दोघींतली एक झाली असती. तू तिला एकटीला चुकीची ठरवलंस आणि आता मला विचारतेस की तुझा आत्मविश्वास कुठे गेला.

त्यात ती चुकलेली नव्हतीच. तूही नाही. महिनाभर तू बरोबर उत्तराचं सुतक पाळते आहेस.

वही घे. गव्हाचा एक दाणा एका बीजांडातून होतो, म्हणजे शंभर दाण्यांना शंभर बीजांडं. प्रत्येक बीजांडात मेगास्पोर मदर सेल, म्हणजे जिच्यापासून पुढे अंडपेशी होते ती मूळ पेशी, एकच. तिचं मायोसिस झालं की चार पेशी होतात. चार गोळे एका रांगेत काढ आणि त्यांतल्या तिनांवर काट मार, कारण त्या तीन पेशी मरतात. उरलेल्या एकीपासून भ्रूणकोश होतो. त्यात सात पेशी, आठ केंद्रकं आणि अंडपेशी एकच. म्हणून शंभर अंडपेशींना शंभर मायोसिस. आता पलीकडे परागकण. परागाच्या मूळ पेशीचं, पोलन मदर सेलचंही, मायोसिस होऊन चारच पेशी होतात, पण इथे काट मारायची नाही. चारही जगतात, चारांचे चार परागकण होतात. एका दाण्याला एक परागकण लागतो. त्यातल्या दोन नरयुग्मकांपैकी (नर-पेशींपैकी) एक अंडपेशीला मिळतं, दुसरं मधल्या दोन ध्रुवीय केंद्रकांना. म्हणजे शंभर परागकण, भागिले चार, पंचवीस. शंभर अधिक पंचवीस.

मग पाचजण शंभरवर कसे पोचले? सोपं आहे. बीजांडं मोजली आणि पराग विसरले. हा प्रश्न काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून पर्यायांत चुकांचेच आकडे पेरलेले असतात. २५ म्हणणारा फक्त पराग मोजतो. ५० म्हणणारा दोन्हीकडे चाराने भागतो, त्याला काट मारायचं आठवत नाही. २०० वाला दोन्हीकडे शंभर धरतो. प्रत्येक चुकीच्या आकड्यामागे कुठली पायरी सुटली ते सांगता येतं, आणि १०० हा त्यांतला सगळ्यांत फसवा, कारण अर्धी रीत बरोबर असते आणि आकडा गोल दिसतो. गोल आकडा खणखणीत आवाजात सांगितला की माणसं माना डोलावतात. फणसाखाली सहा विरुद्ध एक झालं म्हणून गव्हाच्या मेगास्पोरने मत बदललं नाही.

शहाळ्याचं तुझं खरंच चुकलं असेल. आडसर, म्हणजे शहाळं, फोडल्यावर जे पाणी पितो ते एंडोस्पर्मच (बीमधला अन्नसाठा) असतं, ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच (3n) असलेलं, हजारो केंद्रकं सुटी तरंगणारी, त्यांच्यामध्ये पेशीभित्ती नाही. कडेचं पांढरं खोबरं म्हणजे भित्ती तयार झालेलं तेच एंडोस्पर्म. बहुतेक मुलं पाण्याला नुसता साठवलेला रस समजतात, नाहीतर 2n लिहून येतात. तुझा तो गुण गेला. जाऊ दे.

आता त्या मुलाचं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याचं उत्तर चुकलं, पण त्याने जे लिहिलं तेच सांगितलं. फणसाखाली आपल्या पेपरातलं नसलेलं उत्तर सांगणारी, तुझ्या पत्रावरून तरी, एकच होती. त्याच्यावरचा तुझा राग मला सोयीचा वाटतो. त्याच्यावर रागावत राहिलं की बसकडे पाहावं लागत नाही.

तुझ्या मैत्रिणीचं काय झालं असेल याचा विचार कर. उत्तरांची अशी घाऊक देवघेव झाली की दुसऱ्याचं उत्तर आपल्या आठवणीत शिरतं. दोन-तीन आठवड्यांनी ‘मी नक्की काय लिहिलं होतं’ हेही सांगता येत नाही, फक्त ‘माझं चुकलं’ एवढं उरतं. तुझ्याजवळ निदान १००+२५ आहे. तिच्याजवळ सहा जणांनी ‘शंभर’ म्हटल्याची आठवण आहे, आणि त्या सहांत तू. तीही नीट देत असेल तर हाच प्रश्न, अगदी ८० किंवा २०० दाण्यांचा होऊन, तिच्यासमोर येऊ शकतो. घासून गुळगुळीत झालेला प्रश्न आहे हा. ८० ला उत्तर १००, २०० ला २५०. तिला रीत येत होती. आता ती पराग गाळून ८० वर खूण करेल. बरोबर उत्तराचे चार जातात आणि वर एक वजा होतो, म्हणजे एका प्रश्नात पाच गुणांची खोट. १८० प्रश्नांपैकी ९० बायोलॉजीचे असलेल्या परीक्षेत हे तू तिच्या दप्तरात घालून दिलंस. अजून काढता येतं.

तर आज तिला फोन कर. मेसेज नको, फोन. सगळ्यांच्या ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे तू पुन्हा सातांतली एक होशील.

तुझ्या मनात काय येईल तेही सांगते. एखादा व्हिडिओ शोधून तिला पाठवावा, खाली ‘अगो, १२५च बरोबर गो, आत्ताच बघितलं’ असं लिहावं. असं केलंस तर आकडा दुरुस्त होईल आणि तुझी लबाडी जागच्या जागी राहील. तिला तर तूही शंभर लिहून चुकलेलीच वाटशील, आणि उलट तीच तुझी समजूत काढेल. ते करू नकोस. पहिलं वाक्य हे असू दे: ‘म्हजेंय एकशें पंचवीस आशिल्लें, हांवें फट मारली.’ (माझंही एकशे पंचवीस होतं, मी खोटं बोलले.) ज्या भाषेत तिला एकटं पाडलंस त्याच भाषेत. त्यापुढे ‘सगळे म्हणत होते म्हणून’ हे शेपूट जोडू नकोस, तिलाही सगळे म्हणत होतेच. रीत त्यानंतर. चार गोळे, तीन काटा, मग पराग. तिला फोनवरच काढायला लाव.

सवयीचं विचारलं होतंस म्हणून थोडक्यात. उत्तरं जुळवण्यात पाप नाही, पण पेपरांच्या मधल्या दिवसांत नको. आणि जुळवायचीच असतील तर कुणीही तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग कागद एकदम उलटायचे आणि निकाल पुस्तकाने द्यायचा, मोठ्या आवाजाने नाही. तुझ्यासारख्या मुलींना या पद्धतीत पळवाट राहत नाही, म्हणूनच सुचवते आहे. नीटला तर त्याचीही गरज पडणार नाही. परीक्षेनंतर ती घेणारी संस्था, एनटीए, तात्पुरती आन्सर की आणि तुझ्या ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रतिमा संकेतस्थळावर टाकते. आपणच बरोबर आहोत अशी खात्री असेल तर गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाला २०० रुपये भरून हरकत घेता येते. तिथे आपला आकडा सांगताना आजूबाजूला कोणी उभं नसतं.

तर फोन. ती बसमध्ये असेल तेव्हा नको, घरी पोचून जेवली असेल तेव्हा कर. ती चिडेल. ‘तेव्हा का नाही बोललीस?’ असं विचारेल, कदाचित फोन ठेवूनही देईल. ठेवला तर उद्या पुन्हा लाव. आणि विचारलंन तर ‘भ्याले’ एवढंच सांग.