नऊ वर्षांच्या मुलाला नाशिकमध्ये एकट्याने बाहेर पाठवणं कायद्यात बसतं का?

मुलाला एकट्याने दुकानात आणि शेजारच्या कॉलनीतल्या क्लासला पाठवू का, की अमेरिकेतल्या वन्सं म्हणतात तसे पोलीस दारात येतील, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. बिनधास्त पाठवा.

अमुक वयाच्या आतलं मूल रस्त्यावर एकटं दिसता कामा नये, असं आपल्या केंद्रीय कायद्यांत कुठेही नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७५. पण त्यासाठी मुलाची जाणूनबुजून हेळसांड झालेली असावी लागते आणि तीही त्याला विनाकारण त्रास होईल अशी. भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ तर १२ वर्षांखालच्या पोराला कायमचं टाकून देणाऱ्या आईबापांसाठी आहे. दह्याची पिशवी आणायला पाठवणं यात कुठे बसतं?

वन्संचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही. मेरीलँडमध्ये १० आणि ६ वर्षांची भावंडं बागेतून चालत घरी निघाली म्हणून पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं आणि आईबापांची चौकशी लागली, ही २०१४-१५ ची गोष्ट. अशा प्रकारांवरून बराच गदारोळ झाला आणि २०१८ मध्ये युटा राज्याने कायदाच केला, की समज आलेलं मूल एकटं शाळेत गेलं किंवा बाहेर खेळलं तर ती हेळसांड नव्हे. (आपल्या आजोबांना हे सांगून बघा, हसतील.)

आपल्याकडे कायदा पालकांना धरतो तो दुचाकीवरून. संध्याकाळी कॉलेज रोडला क्लास सुटले की बघा: दहावीची पोरं, एका ॲक्टिव्हावर तिघं, हेल्मेट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. लहानपणी कोपऱ्यापर्यंत चालू न दिलेल्या पोराच्या हातात पंधराव्या वर्षी चावी देणारे लोक माझ्याच सोसायटीत आहेत. रस्ता कसा ओलांडायचा हे ते पोर शिकणार कधी?

मी इंदिरानगरला राहते. माझी चौथीतली मुलगी कॉलनीच्या आत कुठेही एकटी जाते: किराणा, मैत्रीण, मंदिरामागचं मैदान. हायवेखालचा बोगदा आणि सर्व्हिस रोड मात्र बंद. तिथे गाड्या कुठून घुसतील हे मलाच कळत नाही. पावसाळ्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावर, मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर किती चढलं ते बघायला सगळं गाव लोटतं, आणि तिथल्या पायऱ्या शेवाळाने भयंकर निसरड्या होतात. अनोळखी माणसांपेक्षा मला गाड्यांची, नदीची आणि मोकाट कुत्र्यांची जास्त भीती वाटते. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हे मी तिच्याकडून घरातच उभं राहून करवून घेतलंय.

तुमच्या मुलाला आधी दुकानापासून सुरुवात करू द्या. दुकानदार काकांना सांगून ठेवा, तुमचा नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या, १०९८ ही चाइल्डलाइनही सांगा. आणि सुटे पैसे मोजूनच द्या, नाहीतर दह्याऐवजी कुरकुरे येतील.