वाचकांचे प्रश्न : समकालीनाच्या कादंबरीवर लिहिताना

प्रश्न : मी कादंबऱ्या लिहितो. माझ्याच पिढीतल्या एका लेखिकेची नवी कादंबरी वाचून भारावलो आहे. लेख लिहायला बसलो की ‘अप्रतिम’च्या पुढे काही सुचत नाही. शिवाय दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्या सांगाव्यात का?

उत्तर : फ्रेंच कादंबरीकार बाल्झॅकने आपला समकालीन स्तांदाल याच्या ‘ला शार्त्रझ द पार्म’ या कादंबरीवर लिहिलेला लेख मिळवून वाचाच. कादंबरी १८३९ची, लेख २५ सप्टेंबर १८४०चा. बाल्झॅकच्याच ‘रेव्ह्यू पारिझिएन’च्या तिसऱ्या आणि शेवटच्या अंकात तो आला. प्रकरणागणिक इथे उदात्त काही उसळून येतं, असं तो म्हणतो आणि लगेच पुराव्याला लागतो. डचेस सांसेवेरिना आणि मंत्री मोस्का ही पात्रं, इटलीतल्या पार्माच्या दरबारातली कारस्थानं हे सगळं तो प्रसंगाप्रसंगाने उलगडतो; लेखाचा मोठा भाग त्यातच जातो. इतकं सविस्तर कौतुक एका कादंबरीकाराने दुसऱ्याचं केलेलं क्वचितच सापडेल.

तुम्हीही विशेषणं खोडा आणि पेन्सिल घेऊन पुस्तक पुन्हा वाचा. थक्क झालात त्या जागांचे पृष्ठक्रमांक टिपा, मग त्यातल्या तीन-चारच ठेवा. प्रत्येक ठिकाणी पाहा : तोवर वाचकाला काय माहीत होतं, कोणत्या वाक्याने ते पालटलं, लेखिकेने काय सांगायचं टाळलं. हीच जागा लिहिताना तुम्ही कुठे अडला असता, तेही लिहा. ते सांगायला लिहिणारा माणूसच लागतो.

खटकलेलं जरूर सांगा, पण त्याचे दोन गट करा. बाल्झॅकने क्रियापदांच्या काळांतल्या चुका आणि ओबडधोबड वाक्यं दाखवली. ते पानावर तपासता येतं. पण कादंबरी वॉटर्लूच्या लढाईपासून सुरू करा, पाद्री ब्लानेसला वगळा, हेही त्याने सुचवलं. ही झाली बाल्झॅकची कादंबरी! स्तांदालने उत्तराचे तीन मसुदे केले. सहजपणा राहावा म्हणून ही कादंबरी लिहिताना आपण रोज सकाळी दिवाणी संहितेची, म्हणजे फ्रेंच कायद्याच्या पुस्तकाची, दोन-तीन पानं वाचायचो, असं त्यात आहे. काहीही न करता वाचकाच्या मनाला नुसती स्पर्शून जाणारी पात्रंही कादंबरीत हवीत, असं ब्लानेसबद्दल त्याने लिहिलं. तरी बाल्झॅकचा मान राखून तो दुरुस्तीला बसला. १८४२मध्ये तो गेला, काम अपुरं राहिलं. आज आपण वाचतो ती कादंबरी १७९६च्या मिलानमध्येच सुरू होते, आणि फ्रेंच सैन्य शहरात शिरतानाची ती आनंदाची पानं वगळली असती तर फार मोठं नुकसान झालं असतं.

म्हणून ‘मी असं केलं असतं’ या अर्थाचं प्रत्येक वाक्य मसुद्यातून काढा.

प्रश्न : छापण्याआधी लेख लेखिकेला दाखवावा का?

उत्तर : नको. नावं, साल आणि उतारे पुस्तकाशी ताडून घ्या. ओळख असेल किंवा प्रकाशक एकच असेल, तर पहिल्याच परिच्छेदात तसं सांगा.