‘सांस्कृतिक मुत्सद्देगिरी’ की ‘सांस्कृतिक राजनय’?

एका वाचकाने विचारले आहे, की ‘कल्चरल डिप्लोमसी’ला, म्हणजे कला, शिक्षण अशा सांस्कृतिक देवाणघेवाणीतून इतर देशांशी संबंध जोपासण्याला, या दोहोंपैकी योग्य शब्द कोणता आणि ‘सांस्कृतिक राजनयामुळे देशाचा विकास होतो’ हे वाक्य अर्थदृष्ट्या निर्दोष आहे काय.

माझी पसंती ‘राजनय’ला आहे. ‘मुत्सद्दी’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि मराठेशाहीत कारभार, हिशेब व वाटाघाटी सांभाळणाऱ्यांना लावला जाऊ लागला; आज मात्र ‘मुत्सद्देगिरी’ म्हटले की डावपेच आणि प्रतिपक्षावरील मात हेच आधी मनात येते. ‘शिष्टाई’ हा सुंदर शब्द आहे, परंतु कृष्णशिष्टाईच्या संस्कारामुळे तो एखाद्या प्रसंगीच्या मध्यस्थीलाच शोभतो. मौलाना आझादांनी १९५० साली स्थापन केलेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते आणि अनेक देशांत सांस्कृतिक केंद्रे चालवते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अशा कामाला ‘राजनय’ हेच नाव साजते.

वाक्यातील ‘मुळे’ मात्र मला खटकते. अजिंठ्याचेच उदाहरण घ्यावे. बौद्ध धर्माच्या नात्यामुळे जपानी चित्रकारांना आणि अभ्यासकांना या लेण्यांची ओढ शंभर वर्षांहून जुनी आहे. १९८३ साली लेणी जागतिक वारसा यादीत आली आणि पुढच्या दशकात जपानच्या सवलतीच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात लेण्यांच्या जतनाबरोबर रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण अशी कामे हाती घेण्यात आली आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विमानतळाचीही सुधारणा झाली. येथे सांस्कृतिक आपुलकीने सहकार्याची वाट सुकर केली. पण कर्ज फेडायचे ते आपल्यालाच, आणि रस्ता टिकतो तो देखभालीने. म्हणून ‘सांस्कृतिक राजनय देशाच्या विकासाला हातभार लावू शकतो’ अशी रचना मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि तो हातभार पर्यटनाला, शिक्षणाला की व्यापाराला, हेही लेखकाने त्याच परिच्छेदात सांगावे.

विशेषण हवे असल्यास ‘राजनयिक’ वापरावे. ‘राजनैतिक’ हा शब्द कोणी ‘राजकीय’ या अर्थाने वापरतो, तर कोणी परराष्ट्रसंबंधांविषयी, त्यामुळे वाचकाचा गोंधळ उडतो.