परतवाड्याहून चिखलदऱ्याला स्वतःच्या गाडीने जायचे असल्यास कोणता रस्ता धरावा आणि वर काय पाहावे?

जाताना धामणगाव गढी, मोथा मार्गे चढावे आणि परतताना घटांगकडून उतरावे, म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगेची दोन्ही रूपे दिसतात. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्यावे. पावसाळ्यात धुके इतके दाटते की पुढच्या गाडीचे मागचे दिवेसुद्धा अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. म्हणून दिवे लावून हळू चालवावे, आणि उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापवण्यापेक्षा गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

वर पोहोचल्यावर भीमकुंड व पंचबोल पॉइंट पाहावेतच. परंतु एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी गाविलगड निवडेन. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने घेतलेला हा किल्ला नीट पाहायला, दरवाज्यांवरील कोरीव शिल्पांपासून आतल्या तलावांपर्यंत सावकाश चालत, अर्धा दिवस तरी हवा, आणि पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत.

हा सारा मेळघाटचा परिसर आहे. जंगलाच्या रस्त्यावर हॉर्न टाळावा, वाटेत गाडीतून उतरू नये आणि माकडांना खायला मुळीच घालू नये, कारण त्या सवयीने ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात.