भावाचा खांदा कबड्डीत तीनदा निखळला, ऑपरेशन करावं का?

भाऊ २१ वर्षांचा, आणि घरचे म्हणतात बसवून घेतला की झालं, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच म्हणायचे. मी तासगाव तालुक्यातला, तालमीत वाढलेला. उजवा खांदा पहिल्यांदा आखाड्यात निखळला आणि पाचव्यांदा उतरला तो एसटीत वरची पिशवी काढताना. तेव्हा कुठे मी शुद्धीवर आलो.

दंडाच्या हाडाचा गोळा ज्यात बसतो ती खांद्याची वाटी मुळातच उथळ. तिच्या काठाला लॅब्रम नावाची चिवट कड असते आणि पुढची लिगामेंट्स, म्हणजे सांधा बांधून ठेवणारे पट्टे, तिलाच धरून असतात. गोळा पुढे निसटला की ही कड हाडापासून सुटते. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ सालीच हे दाखवून दिलं होतं. हाड बसवलं की गोळा जागेवर येतो, पण सुटलेली कड बहुतेक वेळा नीट चिकटत नाही. कोवळ्या वयात खांदा पुन्हा उतरण्याची शक्यता तर फारच जास्त. शिवाय दर वेळी वाटीचं हाड थोडं थोडं झिजतं. मी चालढकल केली, त्यात हे हाड गेलं.

म्हणून डॉक्टरांना एकच विचारा: हाड किती झिजलंय? एमआरआय झाला असला तरी त्यासाठी सीटी स्कॅन लागेल. झीज कमी असेल तर दुर्बिणीतून हाडात छोटे अँकर (दोरा अडकवायच्या खुंट्या) बसवून कड दोऱ्याने परत शिवतात. २०-२५ टक्के हाड गेलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही. मग खांद्याच्याच पुढचा हाडाचा तुकडा स्नायूसकट वाटीवर आणून स्क्रूने बसवतात, त्याला लॅटरजे म्हणतात. मिरजेत माझं हेच झालं. तुमच्या भावाची वेळ अजून गेलेली नसेल, तर कृपा करून थांबू नका.

ऑपरेशननंतरचे चार ते सहा आठवडे हात झोळीत. शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना तो शेवटी. हे आईने मला लहान मुलासारखं शिकवलं. फिजिओथेरपी मात्र एक दिवसही चुकवू देऊ नका, कारण दुखायचं थांबलं की पोरं व्यायाम सोडतात. मैदानावर परतायला सहा महिने तरी धरा.

ऑपरेशन होईपर्यंत हात वर करून मागे नेणं टाळायला सांगा. आणि पुन्हा उतरलाच, तर गावात कुणालाही ओढू देऊ नका. हात झोळीत बांधा आणि आधी एक्स-रे काढायला न्या.