‘मीच नसलो तर क्लब बंद पडेल’

गोव्यात समुपदेशन करू लागल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून ऐकले आहे की आता समोरची व्यक्ती ते उच्चारण्याआधीच मला त्याची चाहूल लागते. गावच्या जत्रेचे नाटक वर्षानुवर्षे बसवणारे गृहस्थ ते म्हणतात, स्वयंसाहाय्य गटाच्या अध्यक्षबाई म्हणतात आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची संपादक असलेली मुलगीही म्हणते. “माझा जीव मेटाकुटीला आला आहे, पण मी बाजूला झाले तर हे सगळे बंद पडेल.” स्वर तक्रारीचा असतो, मात्र नीट कान दिला तर त्या तक्रारीच्या तळाशी थोडा अभिमानही ऐकू येतो. हा अभिमान दोष आहे असे मला वाटत नाही, पण तो आहे हे मान्य केल्याशिवाय या चिंतेवर काही करता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मागच्या वर्षी हे वाक्य मला सर्वांत स्पष्टपणे ऐकवले ते विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांचा क्लब चालवणाऱ्या एका मुलाने. त्याच्या संमतीने, नाव आणि ओळखीच्या सगळ्या खुणा बदलून, आठ-नऊ भेटींतले थोडेसे येथे मांडते आहे. त्याला आपण सोहम म्हणू. आमचे बोलणे निम्मेअधिक कोकणीत झाले. सोहमच्या घरी बोलणे कोकणीत चालते आणि वर्तमानपत्र मराठी येते, त्यामुळे त्याचे म्हणणे मराठीत आणताना मला फार कष्ट पडले नाहीत.

त्याला माझ्याकडे पाठवले ते वडिलांनी, आणि त्यांची भीती निराळी होती. “मॅडम, ते धाडधाड संगीत, ते किनाऱ्यावरचे लोक. मुलगा रात्री तीन वाजेपर्यंत जागा असतो. आम्हाला काय समजायचे ते आम्ही समजलो,” असे त्यांनी दूरध्वनीवर सांगितले होते. खरे सांगायचे तर पहिल्या भेटीतली माझी पहिली पंधरा मिनिटे त्याच शंकेच्या मागे गेली. झोप, पैसे, मित्र, भूक यांविषयी मी जे जे विचारायचे ते विचारले. उत्तरे सरळ होती. मुलगा रात्री तीनपर्यंत जागत होता, कारण तो कार्यक्रमाची पत्रके तयार करत होता, सभागृहासाठी अर्ज लिहीत होता आणि चाळीसेक सदस्यांच्या संदेशांना उत्तरे देत होता. त्याला व्यसन असलेच तर ते सगळ्यांच्या उपयोगी पडण्याचे होते.

क्लबविषयी तो बोलू लागला तेव्हा मात्र त्याचा थकवा कुठल्या कुठे गेला. हणजुणे आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर परदेशी प्रवाशांच्या मेळाव्यांतून जे संगीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आले, त्याला जगभर ‘गोवा ट्रान्स’ म्हणतात. “नाव आमच्या भूमीचे, आणि आम्ही कोण, तर मोटारसायकली भाड्याने देणारे,” असे तो म्हणाला. आपल्या पिढीने हे संगीत केवळ ऐकू नये, ते कसे बनते हे शिकावे, एवढ्यासाठी त्याने क्लब काढला होता. दर बुधवारी एकत्र बसून ऐकायचे, महिन्यातून एकदा जुन्या विकत घेतलेल्या कंट्रोलरवर, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळण्याच्या यंत्रावर, हात बसवायचा आणि सत्रातून एकदा जाहीर कार्यक्रम करायचा, असा क्रम होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर हिंदुस्थानी राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली होती, हे मला त्याच्याकडून कळले. हे सगळे बाहेरून आलेले खूळ आहे असे मानणाऱ्यांत तोवर मीही होते.

कार्यक्रमाची व्यवस्थाही तो विचारपूर्वक करत असे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमावलीतला निर्बंध गोव्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पाळोळेच्या किनाऱ्यावर हेडफोन लावून नाचण्याचे जे कार्यक्रम होतात, त्यांवरून त्याने बिनतारी हेडफोन भाड्याने आणण्याची कल्पना काढली. वसतिगृहातल्या मुलांची झोप मोडली नाही आणि नाचणाऱ्यांचा उत्साहही गेला नाही. हे सांगताना तो प्रथमच हसला.

मग मूळ प्रसंग आला. प्रबंधिकेचे काम अंगावर आल्यामुळे सोहमने जूनमध्ये अध्यक्षपद कनिष्ठ वर्गातल्या एका मुलीकडे सोपवले होते. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला आणि तो आठ दिवस डिचोलीला घरी होता. तेवढ्यात सभागृहाच्या अर्जाची मुदत टळली, कार्यक्रम पुढे ढकलावा लागला आणि नवी अध्यक्ष राजीनामा देण्याच्या गोष्टी करू लागली. “बघा मॅडम, आठच दिवस मी नव्हतो. सगळे मलाच बघावे लागते. दुसऱ्या कोणाला तेवढी कळकळच नाही. क्लब चाललाच पाहिजे, आणि मीच नसलो तर तो बंद पडेल.”

मी ज्यांच्या विचारांवर पोसले गेले त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली गोष्ट साधी आहे. आपल्याला अस्वस्थ करण्यात प्रसंगाचा वाटा थोडा असतो आणि त्या प्रसंगाविषयी आपण मनात धरलेल्या हट्टाचा मोठा. हा हट्ट शोधायला इंग्रजी बोलणाऱ्यांना पूर्ण वाक्ये तपासावी लागत असतील, पण आपल्या भाषेने ते काम एका अक्षरात करून ठेवले आहे. मी सोहमला त्याची वाक्ये कागदावर लिहायला लावली आणि प्रत्येक ‘च’भोवती वर्तुळ काढायला सांगितले. मलाच, कळकळच, चाललाच, मीच, आणि शिवाय तो ‘आठच’. मग तीच वाक्ये ‘च’ वगळून मोठ्याने वाचायला सांगितली. “क्लब चालला पाहिजे. मी नसलो तर तो बंद पडेल.” दुसऱ्या वाक्यावर तो थांबला. “असे म्हटले की ते खरे वाटत नाही,” तो म्हणाला. “‘मीच’ म्हटले की वाटते.”

हे वाक्य तो कोणाकडून शिकला, याचा उलगडा तिसऱ्या भेटीत अनपेक्षितपणे झाला. वडील त्याला सोडायला आले होते आणि मी दोघांनाही आत बोलावले. बोलता बोलता गावच्या जत्रेतल्या नाटकाचा विषय निघाला. वडील शिक्षक, आणि गेली वीसेक वर्षे गावचे संगीत नाटक तेच बसवतात. भूमिका वाटण्यापासून ऑर्गनवाला ठरवण्यापर्यंत आणि पडद्याआड प्रॉम्प्टिंग करण्यापर्यंत सगळे त्यांच्या अंगावर. “यंदा सोडीन म्हणतो, पण मी नसलो तर नाटक उभे राहायचे नाही,” ते सहज बोलून गेले. सोहमने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि वडिलांना आम्ही दोघे का हसलो ते कळेना. कळले तेव्हा तेही हसले, पण थोडे उशिरा. त्यानंतर अमली पदार्थांचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मुलाचे वेड आपल्याच घरचे आहे हे ओळखल्यावर वडिलांची निम्मी भीती ओसरते, हे मी याआधीही पाहिले आहे. उरलेल्या निम्म्या भीतीसाठी पालकांनी मुलाच्या क्लबच्या एखाद्या बैठकीला स्वतः जाऊन ऐकावे, असे मी सुचवते. वडील एका बुधवारी जाऊन बसले आणि ‘ताल बरा आहे, गाणे कधी सुरू होते?’ असे विचारून परत आले.

तरीही अडचण संपली नव्हती. सोहमला आपला हट्ट दिसला होता, पण सुटत नव्हता. आणि येथे माझी एक चूक नोंदवली पाहिजे. मी त्याला कामे वाटून द्यायला सांगत राहिले, आणि तो प्रामाणिकपणे म्हणत राहिला, “दिली आहेत हो, सगळी दिली आहेत.” दोन भेटी आम्ही या एकाच जागी घुटमळलो. पाचव्या भेटीत, काही सुचत नव्हते म्हणून म्हणा किंवा खरेच कुतूहल होते म्हणून म्हणा, मी विचारले, “एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात तुम्ही जाता ते नेमके कसे? मधे शांतता का पडत नाही?”

तो खुर्चीत पुढे सरकला. नवे गाणे आधी फक्त आपल्या हेडफोनमध्ये ऐकायचे, त्याचा वेग चालू गाण्याशी जुळवायचा, मात्रेवर मात्रा आणायची आणि मगच ते हळूहळू लोकांना ऐकू द्यायचे, असे त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवले. “काही वेळ दोन्ही गाणी एकत्र चालतात. फक्त एक सांभाळायचे. दोन्ही गाण्यांचा बेस एकाच वेळी ऐकू येता कामा नये. खालचे स्वर एकमेकांवर चढले की सगळे गढूळ होते. म्हणून नव्या गाण्याचा बेस बंद ठेवूनच ते आत आणतात. मग योग्य मात्रा आली की एका हाताने जुन्याचा बेस काढायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने नव्याचा सोडायचा. लोकांना गाणे बदलले ते तिथे कळते.”

“आणि जुन्याचा बेस काढलाच नाही तर?”

“तर नवे गाणे वर नुसते झांजेसारखे वाजत राहते. लोक जुन्यावरच नाचतात.”

मी काही बोलले नाही. समुपदेशकाला बोलण्याचे शिक्षण मिळते, पण गप्प राहणे मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने साधते, आणि त्या दिवशी ते मला साधले याचे मला आजही समाधान वाटते. खाली रस्त्यावरून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजत गेला. सोहमची टेबलावरची बोटे थांबली होती.

“बँकेच्या खात्यावर सही माझी आहे,” तो सावकाश म्हणाला. “सभागृहाच्या अर्जाचा ईमेल माझ्या नावाने आहे, त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे. कंट्रोलर माझ्या खोलीत असतो. ग्रुपवर तिने काही ठरवले की लोक मला विचारतात आणि मी उत्तर देतो. मॅडम, मी तिला अध्यक्ष केले, पण बेस सोडलाच नाही.”

माझ्या हे वीस वेळा सांगून झाले असते तरी इतके नेमके सांगता आले नसते. कामे देणे आणि अधिकार देणे यांतला फरक मी पुस्तकी शब्दांत समजावत होते, आणि तो मुलगा रोज रात्री हेडफोन लावून तोच फरक हाताने करत होता. माणसाच्या अडचणीची उकल बहुतेक वेळा त्याला जे उत्तम येते त्यातच कोठेतरी पडलेली असते, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या व्यक्तीशी बोलताना ध्यानात ठेवते आणि तिच्या आवडीच्या कामाविषयी पहिल्याच भेटीत विचारते.

ऑगस्टमधला प्रसंगही मग निराळा दिसू लागला. मुदत टळली ती कळकळ नसल्यामुळे नव्हे, तर अर्जाची किल्ली तापाने फणफणलेल्या मुलाच्या खिशात होती म्हणून. ज्या घटनेला तो आपल्या अपरिहार्यतेचा पुरावा मानत होता, ती त्यानेच नकळत घडवली होती. हे ऐकणे त्याला जड गेले, आणि पुढची भेट त्याने एकदा रद्दही केली. बेस सुटला की लोक नव्या गाण्यावर नाचू लागतील आणि मग आपण कोण, हा प्रश्न त्या जडपणाच्या खाली होता. पुढच्या दोन भेटी आम्ही त्याच प्रश्नापाशी बसलो. प्रबंधिका अर्धवट का राहिली होती, याचे उत्तरही तिथेच निघाले.

अशा चिंतेने गांजलेल्या वाचकांना मी प्रथम हेच सुचवीन की कामांची यादी करू नका, किल्ल्यांची करा. पैसा कोणाच्या सहीने निघतो, पासवर्ड कोणाकडे आहे, सामान कोणाच्या खोलीत आहे आणि शेवटचा शब्द लोक कोणाला विचारतात, एवढे लिहून काढले की पदावर कोणीही असले तरी संस्था कोणाच्या हातात आहे ते दिसते. या किल्ल्या एका दिवसात फेकून देऊ नयेत, कारण तसे सोडून जाणे हाही रागाचाच एक प्रकार असतो. नव्या माणसाबरोबर एखादे सत्र दोघांनी मिळून चालवावे, मात्र कोणती किल्ली कोणत्या तारखेला जाणार हे आधी ठरवून सर्वांना सांगावे. सोहमने बँकेतली सही आधी बदलली. ग्रुपवरच्या प्रश्नांना एक दिवस उत्तर न देण्याचे त्याने ठरवले तेव्हा त्याला रात्री झोप आली नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात लोक त्याला विचारायचे थांबले तेव्हा तर मुळीच आली नाही. ही तळमळ अपेक्षितच असते. ती आली म्हणजे आपला निर्णय चुकला, असे समजून किल्ली परत मागू नये.

दुसरे असे की नव्या माणसाला चूक करू द्यावी, पण चुकीची किंमत परवडेल एवढी पाहून. ध्वनीची परवानगी, विजेची जोडणी आणि सदस्यांची सुरक्षितता यांत गय नको. तिथे जुन्याने शेजारी उभे राहून पाहावे. पत्रकाचा रंग, गाण्यांचा क्रम, बैठकीचा वार यांत मात्र तोंड घट्ट मिटावे. माझ्या पाहण्यातले बहुतेक जुने कार्यकर्ते नेमके उलटे करतात. रंगावरून भांडतात आणि विजेच्या तारांकडे कोणीच बघत नाही.

कार्यक्रम अखेर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला. सोहम शेवटच्या भेटीला आला तो त्यानंतर. नव्या अध्यक्षाने बुधवारची बैठक शुक्रवारी नेली होती आणि कार्यक्रमात घुमट या गोव्याच्या मातीच्या तालवाद्याचे ध्वनिमुद्रण मिसळले होते. दोन्ही वेग नीट जुळले नव्हते, आणि सोहम मागे दाराजवळ खिशात हात घालून उभा होता.

“मला ते आवडले नाही,” तो म्हणाला. “पण लोक नाचत होते. मी कोणाला काही बोललो नाही.” मग थोडा थांबून, हसून म्हणाला, “म्हणजे, एकदाच बोललो.”

तो ‘च’ मी मोजला नाही.