वंकी, तांबी आणि बोटाला न लागणारा दोरा

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी माझं दुसरं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. तायी कार्डावर (बाळंतपणाच्या नोंदींच्या कार्डावर) कन्नडमध्ये 'वंकी' लिहिलंय, हे परवा शेजारच्या वहिनींनी वाचून सांगितलं. दोरा बोटाला लागत नाही. सासूबाई म्हणतात, ती काळजात चढते. पाळीत अंगावरून फार जातं. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: ताई, वंकी म्हणजे आपली तांबी, कॉपर-टी. वार पडल्यावर दहा मिनिटांत, नाहीतर 48 तासांच्या आत ती लांब चिमट्यानं पिशवीच्या वरच्या टोकाशी ठेवतात. तेव्हा पिशवी बेंबीपर्यंत आलेली असते, म्हणून तांबीचा दोरा आतच राहतो. पिशवी आकसली की बहुतेकींचा खाली उतरतो. चार महिन्यांनीही लागत नसेल तर तो आत गुंडाळलेला असेल, तांबी नकळत पडून गेली असेल (बाळंतपणात बसवलेली जास्त पडते), किंवा फार क्वचित ती पिशवीच्या भिंतीतून बाहेर गेली असेल. आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी, मग सोनोग्राफी करून घ्या. पिशवीत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढायचा. तिच्या प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट असतं, त्यामुळे ती पांढरी उठून दिसते. तोवर निरोध वापरा.

काळजाकडे जायला वाटच नाही. भिंत भेदली जाण्याचा प्रकार हजारात साधारण एकीला होतो, अंगावर पाजणाऱ्या बाईत थोडा जास्त. तेव्हाही तांबी पोटातच राहते आणि दुर्बिणीनं काढता येते.

रक्तस्राव पहिले तीन ते सहा महिने वाढतो. पाळी सुरू होताच आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम, जेवणानंतर दिवसातून दोनदा, पाच दिवस घेतात. अल्सर किंवा दमा असेल तर घेऊ नका. हिमोग्लोबिन तपासा. तरीही सोसवत नसेल तर काढायला सांगा. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो: बाईला तिच्या भाषेत न विचारता तांबी बसवणं चूकच आहे, मग तांबी कितीही चांगली असो.

प्रश्न: परदेशात अशा साधनानं बायका दगावल्या, असं वाचलं. तांबी गर्भ पाडते का? – एक वाचक, निपाणी

उत्तर: ते साधन डॅल्कन शील्ड. अमेरिकेत 1971 ते 1974 या काळात विकलं गेलं. खोट त्याच्या दोऱ्यात होती. शेकडो बारीक तंतू एका नळीत भरलेले, नळीची टोकं उघडी. समईची वात तेल ओढते तसा तो योनीतले जंतू पिशवीत ओढत असे. साधन आत असताना दिवस गेलेल्या काही बायकांचा जंतुसंसर्गानं गर्भपात होऊन मृत्यू झाला. आजच्या तांबीचा दोरा एकसंध, एकाच तंतूचा आहे, त्यातून जंतू चढत नाहीत. जंतुसंसर्गाचा धोका मुख्यतः पहिल्या वीस दिवसांत, तोही गर्भाशयाच्या तोंडाशी आधीच संसर्ग असेल तर. म्हणून घाण वासाचं पांढरं जात असेल, तर ते बरं झाल्याशिवाय बसवू देऊ नका.

380-ए तांबीवर 380 चौरस मिलिमीटर तांबं असतं, देठावर तार आणि दोन्ही हातांवर पट्ट्या. त्यातून झिरपणारं तांबं शुक्राणूंना लुळं करतं, त्यामुळे ते बीजापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे गर्भ मुळात धरतच नाही. वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त असते. पाळी चुकून एका बाजूला कळ आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: तांबी बसवून दहा वर्षं झाली, नवी बसवण्याआधी मध्ये गॅप हवा का? – एक वाचक, चिकोडी

उत्तर: नको. जुनी काढून त्याच बैठकीत नवी बसवता येते. कार्ड मात्र सोबत न्या. 375 या प्रकारच्या तांबीची मुदत पाच वर्षं असते, 380-ए ची दहा.